पुढचा दांडा

इनासच्या तोंडावर जॅकची लोखंडी टॉमी बसली ती दशरथाच्याच हातची, यात उत्तनच्या त्या कोळीवाड्यात कुणाचं दुमत नव्हतं. आधी आईवरून शिवी कुणी हासडली, एवढ्यावरच काय तो वाद होता. इनास वाळूत गुडघ्यांवर बसला, हनुवटीखाली ओंजळ धरली, आणि त्या ओंजळीत रक्ताबरोबर त्याचे पुढचे दोन दात पडले. दशरथ टॉमी घेऊन तसाच उभा. आणखी कुणाला खाज आहे ते बघू, म्हणून चौफेर नजर फिरवत होता. कुणी पुढं आलं नाही. माणसांनी इनासला बगलेत धरून उठवलं, आणि जाताना किनाऱ्यावरचा मोठा दोर गुंडाळून बरोबर नेला.

भांडण काही त्या दिवशी जन्मलेलं नव्हतं. जेठात समुद्र फिरायच्या आधी बोटी पाण्याबाहेर काढून उतारावर चढवायच्या, हे वाड्याचं दरवर्षीचं काम. पूर्वी किरिस्तांव असो की हिंदू, सगळा वाडा दोराला लागायचा. बोटीखाली मुशीच्या तेलानं माखलेले ओंडके, पुढं दोरावर तीसचाळीस माणूस, आणि पिछाडीला, बोटीच्या बुडाशी, एकच जण. तो पाचरवाला. बोट हातभर वर सरकली की तो लाकडाची पाचर बुडाखाली कोंबायचा आणि ओरडायचा, "लावलीऽ!" ती हाक आल्याशिवाय कुणी पुढची ओढ घ्यायची नाही, मग तो घरचा कितीही तालेवार असो. ओढणाऱ्यांचे हात सुटले तर बोट पाचरेवर अडते. पाचर नसेल तर ती पाचरवाल्यावरच येते. दशरथाचा थोरला भाऊ रामू हा वाड्याचा पाचरवाला होता. तरणा होता तेव्हापासून तो ते काम करत होता आणि त्याच्या कमरेला आता कायमचा बाक आला होता. बोट चढली की मालकाची ताडी, मटणाचं जेवण आणि पावसाळ्यापुरता सुक्या बोंबलांचा वाटा दोरावरच्या प्रत्येकाच्या घरी जायचा.

मग दशरथानं लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप आणली. सीटजवळ तिला एक जादा दांडा होता. तो ओढला की मागच्या चाकांच्या जोडीनं पुढचीही जोर घ्यायची. आधी तिच्यातून मासळी भाईंदर-मीरा रोडला जाऊ लागली. तिकडं शांती नगरच्या बिल्डिंगी उठत होत्या, रोज नवी गिऱ्हाईकं येत होती. मग एका जेठात त्यानं गाडीनं एक बोट ओढून दाखवली, आणि पुढच्या जेठात निम्मा वाडा त्याच्या दारात. दोरावरच्यांचा वाटा आटला. दोराचा म्होरक्या होता इनास. ज्याच्या ताटातलं जातं तो काय आरती ओवाळणार आहे?

त्या दिवशी एका जड बोटीला गाडी पुरी पडेना. चाकं जागच्या जागी फिरली, क्लचचा जळका वास सुटला. इनास दुरून ओरडला, "दशरथा, उतर खाली नं तुझे बायकोला बसव!" सगळा किनारा खदखदून हसला. मग शिव्या झाल्या, याची त्याला, त्याची याला. दशरथानं इंजिन बंद केलं, सीटखालून टॉमी काढली आणि अजिबात घाई न करता चालत गेला.

संध्याकाळी वाडा बसला आणि ठरलं. दशरथाच्या घरच्या बोटीला कुणी हात लावायचा नाही.

घरची बोट म्हणजे बापानं बांधलेली 'एकवीरा', दोघा भावांची मिळून. ती अजून खाडीच्या तोंडाशी नांगरावर होती. अमावास्येची भरती आली आणि वारा फिरला की तिथल्या खडकांवर आपटून तिची काटकं व्हायची. रामू, त्याची बायको शेवंती, दशरथ आणि त्याची मंदा, चौघांचं पोट त्या बोटीवर. गाडीसुद्धा तिच्याच मासळीवर धावत होती.

"नारल घे नं इनासच्या दारान जा," जेवताना रामू म्हणाला.

"मी? त्याच्या दारान?"

"मंग मी जाताव. मना काय लाज न्हाय. बोट वर घ्याला पायजे."

"तू गेलास त माझा तोंड बगू नको. गाडी ओढल बोट."

"गाडी ओढती त भांडान कशाला झाला असता रं?"

दशरथानं ताट उचलून भिंतीवर मारलं. कालवण भिंतीवरून ओघळत खाली आलं. मंदानं फडका आणला आणि नवऱ्याकडं न बघता भिंत पुसायला लागली. रामूनं आपल्या ताटातला भात संपवला, पाणी प्यायला आणि उठला.

पण बोलणं वर्मी लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दशरथ गाडी घेऊन भाईंदरला कोंडिरामकडं गेला. कोंडिराम मूळचा मराठवाड्याचा. मिठागराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. त्यानं मागच्या आसाची टोपी उघडली, आत बोट घालून दातेरी चाकांचे दात चाचपले आणि बोटावरचं काळं तेल गवतावर पुसलं.

"हिच्यातली क्राऊन-पिनियन पळायची हाय गड्या. मासळी घिऊन धावायला बेस. ओढायला नाही."

"मंग?"

"कुर्ल्याच्या भंगारात ओढीची जोडी गावंल. गाडी गोगलगायीवानी चालंल, पर जोर दीडपट. दोन जोड्या आन, ध्यान ठेव. मागच्या आसाला एक, पुढच्याला एक. दोन्हीचे दात सारखेच पायजेत."

"एकच टाकली त?"

कोंडिरामनं त्याच्याकडं नीट बघितलं. "एका जुवाला दोन बैल. एकानं लांब टांग टाकली आन दुसऱ्यानं आखूड, तर काय हुईल? जू मोडंल. वाळूत चाक घसरतंय, तिथं चालून जाईल. पर टणक जमिनीवर पुढची चाकं पळू बघतील, मागची त्यास्नी धरून ठिवतील, आन मधली पेटी फुटंल. हँडब्रेक त्या पेटीवरच बसतोय, त्यो बी जाईल. जोडी जुळली नाही तर पुढचा दांडा उपटून फेकून दे. तिकडं हातच जायला नको."

दशरथानं मान डोलावली. कुर्ल्याला जाऊन दोन जोड्या आणल्या, दोन्हींचे दात कोंडिरामसमोर मोजून घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात काम सुरू झालं.

बोंबील वाळवायच्या काठ्यांखाली गाडी दगडांवर चढवली. जेठातलं ऊन, वारा पडलेला, आणि गियर ऑइलचा वास मासळीच्या वासाला मागं टाकील असा. दशरथ उताणा गाडीखाली. जुनी क्राऊन बाहेर आली ती त्याच्या छातीवर, आणि बरगडीवर मुठीएवढा काळा डाग उठला. मंदा डब्यातल्या रॉकेलमध्ये बेअरिंगं धूत होती. मासळी कापून कापून तिच्या बोटांना भेगा होत्याच, त्यात रॉकेल चरचर चावायचं. "सोर ते, मी धुताव," असं एकदाही दशरथाच्या तोंडून आलं नाही. पाना एका नंबरानं चुकीचा दिला की तोच पाना तिच्या पायाशी येऊन आदळायचा. कोंडिराम एक दिवस येऊन मागची जोडी बसवून गेला. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला, क्राऊन हातानं फिरवली आणि शेंदूर कुठं पुसला गेला ते बघून दात मधोमध बसतात याची खात्री केली. शेवंती ते बघून हसली. "देवाला लावलास त पावला तरी असता." त्यावर कोंडिरामही हसला. त्या अंगणात त्या आठवड्यात हसू आलं ते तेवढंच.

पुढचा आस राहिला होता. तो बसवायच्या दिवशी सकाळी मंदा टोपली घेऊन आली. टोपलीत जवळा होता.

"कोनी दिलान?" दशरथानं गाडीखालूनच विचारलं.

मंदानं टोपली खाली ठेवली. कुणी दिला ते सांगायची सोय नव्हती आणि खोटं बोलायची सवय नव्हती. घरची बोटच बंद, तेव्हा मासळी नाही. तीन दिवस नुसत्या डाळीवर चाललं होतं. विहिरीवर इनासच्या बायकोनं जवळ्याची ही टोपली तिच्या हातात दिली होती आणि म्हणाली होती, पुरुषांचं पुरुष बघतील गो.

दशरथ सरपटत बाहेर आला आणि टोपली कुणाच्या घरची ते त्यानं ओळखलं. एका लाथेत टोपली उडाली. तेलात बरबटलेला हात मंदाच्या कानाखाली बसला आणि ती काठ्यांवर जाऊन पडली, काठ्या तिच्यावर पडल्या. उठायला लागली तर दुसरी बसली. कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला.

"इनासचा खातंस? माझे घरान इनासचा खातंस?"

रामूनं मागून त्याला मिठी मारली. बाकलेल्या कमरेचा माणूस, पण उभा जन्म बोटींखाली खांदा लावलेला. दशरथानं कोपर मागं हाणलं, वळला आणि थोरल्या भावाच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ढकलला. रामू जाऊन पडला तो काढून ठेवलेल्या तेलाच्या घमेल्यात. पाठ, डोकं, पांढरे केस, सगळं काळं. शेवंती ओरडत धावली. शेजारच्या ओट्यावर चार बायका उभ्या राहून बघत होत्या.

रामू उठला. तोंडावरून तेल निपटलं. कोपऱ्यात घण होता तो उचलला आणि दशरथाकडं आला. दशरथ हलला नाही. मार म्हणाला. मार ना, म्हणाला. रामूनं घण डोक्यावर नेला आणि खाली आणला तो धुऊन-पुसून दगडावर ठेवलेल्या पुढच्या नव्या क्राऊनवर. एकदा, आणि पुन्हा एकदा. पोलादाचे तुकडे उडाले. तीन दात मुळापासून गेले, पिनियनही चिरली.

"आता ओढ," रामू धापा टाकत म्हणाला. "आता ओढ बोट, बगताव."

मग घण हातातून सुटला आणि तो तिथंच बसून रडायला लागला. तेलानं माखलेला माणूस रडताना बघवत नाही. शेवंतीनं त्याला उठवून मोरीत नेला, साबण लावून चोळलं, तरी कानांच्या घड्यांत काळं राहिलंच.

दशरथ त्याच दुपारी कुर्ल्याला गेला. दुकानदारानं फुटकी क्राऊन हातात घेऊन उलटीपालटी केली. "ऐसा माल रोज नहीं आता, भाई. अमावस के बाद आना." अमावास्या तर परवावर आली होती. दशरथ रिकाम्या हातानं परतला. अंगणात पोचला तेव्हा रामू नव्या धोतराची घडी मोडत होता आणि शेवंती नारळ पुसत होती. कुणाकडं निघाले होते ते विचारायची गरज नव्हती.

"गावली रं?" रामूनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. केलेल्या कामाची लाजच होती.

आता इथं दशरथानं खरं सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण त्याच्या डोळ्यांसमोर आला तो इनासचा ओटा, ओट्यावर वाकलेला रामू, आणि सगळ्या वाड्याचे दात.

"गावली," तो म्हणाला. "दुसरी आनली. ठेव तो नारल."

रामूनं नारळ शेवंतीच्या हातात परत दिला. बरं झालं, म्हणाला. देवानं राखला.

पुढच्या आसात जुनीच जोडी परत गेली, पळायची. मागं ओढीची, पुढं पळायची. मंदाला बेअरिंगं धुवायला त्यानं बोलावलं नाही, एकट्यानं बसवली. शेवटी पाना घेऊन दशरथ तो पुढच्या चाकांचा जादा दांडा काढायला सीटवर चढला. एक नट सैल केलासुद्धा. इतक्यात रामू जवळ येऊन उभा राहिला. कान अजून काळेच होते.

"तो कशाला काढतंस? चारी चाकांचा जोर त्यानंच येतो ना?"

"काढत न्हाय. आवळताव," दशरथ म्हणाला, आणि नट पुन्हा आवळला. आपण काही त्याला हात लावायचा नाही, मग राहिला तर राहिला. मागची नवी जोडीच बोट ओढील. असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि स्वतःला समजावायला माणसाला किती वेळ लागतो!

अमावास्येच्या दुपारच्या भरतीवर भावांनी 'एकवीरा' उताराच्या पायथ्याशी आणून लावली. पाणी मागं हटलं तशी ती ओंडक्यांवर टेकली. नैर्ऋत्येला आभाळ काळंनिळं झालं होतं आणि लाटांना वेगळाच आवाज आला होता. रात्रीच्या भरतीआधी ती वर गेली पाहिजे, नाहीतर सकाळी फळ्या वेचायच्या. खाली ओली वाळू, मध्ये भुसभुशीत वाळूचा पट्टा, आणि वर वाड्याच्या तोंडाशी काँक्रीटचा धक्का. गाडी वर, बोट खाली, मध्ये तारेचा दोर. धक्क्याच्या कठड्यावर वाडा बसला होता. मधोमध इनास. जबड्याला फडकं बांधलेला, तोंड सुजून एका बाजूला गेलेला.

मंदा आणि शेवंती ओंडक्यांना तेल लावत होत्या. रामूनं पाचर हातात घेतली, कपाळाला लावली आणि बोटीच्या मागं जाऊन गुडघे टेकले.

"घे रं!"

नवी जोडी बोलली. गाडीनं कुरकुर न करता दोर ताणला आणि 'एकवीरा' हातभर वर आली. "लावलीऽ!" पुन्हा हातभर. "लावलीऽ!" दशरथ प्रत्येक हाकेला थांबत होता. क्लच सोडायचा, थांबायचा, हाक ऐकायची, पुन्हा सोडायचा. किती वर्षांनी दोघं भाऊ असे एका ठेक्यात काम करत होते. कठड्यावरचे लोक बोलायचे थांबले. मंदाच्या एका कानाला ऐकू येत नव्हतं, तरी तिला हाक ऐकू आली आणि तिच्या तोंडावर उजेड आला.

मग भुसभुशीत पट्टा आला आणि मागची चाकं आत गेली. दशरथानं जोर दिला तशी आणखी खोल गेली. मंदानं गोणपाटं खाली सारली, ती गाडीनं मागं फेकली. फळ्या घातल्या, त्या मोडल्या. कठड्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, "बायकोला बसव!" आणि हसू उठलं, पण इनास हसला नाही. हसला असता तर दुखलंही असतं म्हणा.

"दशरथा, ऱ्हाऊ दे!" मागून रामूचा आवाज आला. तो बोटीमागून उठून उभा राहिला होता. पाचर बुडाखालीच ठेवून त्यानं कठड्याकडं दोन्ही हात जोडले. "इनास! ए इनास! ये रं बाबा, दोराला हात लाव. लेकराचा चुकला. ये!"

दशरथानं आरशात बघितलं. आपला भाऊ, सगळ्या वाड्यासमोर, हात जोडून. आणि इनास कठड्यावरून उतरत होता. फडकं सावरत, वाळूत थुंकत, उतरत होता. मागं दोघंतिघं उठले होते. ते मदतीला येताहेत हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दशरथाला दिसला तो फक्त थुंकणारा इनास.

त्यानं पुढचा दांडा ओढला.

पुढची चाकं भुकेल्यासारखी वाळू उपसत पुढं झाली. घसरत, हिसके देत, पण ओढत. गाडी खड्ड्यातून निघाली आणि थांबलीच नाही. बोट सरसर वर यायला लागली. ओंडके कडाकडा वाजले. रामू पाचर उचलून बोटीच्या मागं धावत होता, वाकून कोंबायला बघत होता, आणि बोट त्याच्या हातापुढून निसटत होती.

"थांब! लावू दे! दशरथा, लावू दे रं!"

ऐकू आलं नाही असं नाही. इंजिनाच्या आवाजातही ते दशरथाला अगदी नीट ऐकू आलं. पण गाडी चालत होती, सगळा वाडा बघत होता, धक्का चार हातांवर होता. एकदा धक्क्यावर चढू दे, मग थांबतो.

पुढची चाकं काँक्रीटवर चढली. वाळू संपली, घसरायला जागा संपली. स्टिअरिंग हातात असं उलटं फिरलं की दशरथाच्या अंगठ्याचं हाड मोडल्याचा आवाज त्याला आला. पुढचे टायर किंचाळले, गाडी आखडली, मागचीही चाकं धक्क्याच्या कडेला चढली, आणि सीटखाली तोफ उडावी तसा आवाज झाला. पेटी फुटली. तेल काँक्रीटवर भळाभळा आलं. इंजिन मोकळंच गरजत होतं आणि गाडी मागं चालली होती. त्यानं हँडब्रेक ओढला, तो नुसताच वर आला. पाय ब्रेकवर उभा केला. चाकं जाम होऊन सांडलेल्या तेलावरून घसरत गेली. बोटीचं वजन गाडीला फरफटत खाली नेत होतं.

मंदा ओरडली. शेवंती ओरडली नाही, ती धावली.

गाडी पुन्हा भुसभुशीत वाळूत रुतली तेव्हा थांबली, आणि तिच्याबरोबर बोटही. दशरथ उतरून खाली पळाला. 'एकवीरा'चं बूड रामूच्या कमरेवर होतं. पाचर त्याच्या हातातच होती, पुढं धरलेली. लावायला बघत होता.

हाक कुणाला मारावी लागली नाही. कठड्यावरचा सगळा वाडा खाली आला होता. चाळीस खांदे बोटीखाली गेले, बायकांचेही. इनासनं बांधलेलं फडकं ओढून फेकलं आणि हैऽसा म्हणाला. तोंडाला पुन्हा रक्त लागलं. दशरथ भावाच्या डोक्याशी बसला.

"दुसरी आनली व्हतीस ना रं?" रामूनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, जेवताना विचारावं तसा.

दशरथाला वाटलं, आता तरी खोटं बोलावं.

"न्हाय, दादूस. जुनीच व्हती."

रामू त्याच्याकडं बघत राहिला. "सांगाचा व्हतास," तो म्हणाला. "मी इनासकरं गेलो असतो."

बोट वर उचलली गेली, त्याला बाहेर ओढला, आणि वजन निघाल्याबरोबर कमरेखालून सगळं रक्त वाळूत आलं. शेवंतीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पदराच्या टोकानं ती त्याचा कान पुसत राहिली, आतलं ते काळं निघतंय का बघत. तो गेला हे तिला दोनदा सांगावं लागलं.

पहिली लाथ कुणाची ते दशरथाला कळलं नाही. वल्ह्याचा दांडा पाठीत बसला, मग तोंडावर. त्यानं हात वर केले नाहीत. कुणी केसांना धरून त्याला वाळूत घासत नेला. मंदा तिथंच उभी होती, एक हात कानावर धरून. ती सोडवायला आली नाही. मारणाऱ्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा मारायला लागले.

"सोरा त्याला," इनास म्हणाला. कुणी ऐकलं नाही तेव्हा मध्ये शिरला आणि वल्हं हिसकून घेतलं. "सोरा सांगताव ना! पानी फिरलाय. बोट वर घ्या."

"त्याची बोट?" कुणी तरी ओरडलं.

"रामूची," इनास म्हणाला. "शेवंतीची."

वाड्यातून मोठा दोर आला. तारेचा दोर तोडला, गाडी लोकांनी ढकलून बाजूला केली. माणसं दोराला लागली आणि मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. पिछाडीला कुणी नव्हतं. खाली पहिली लाट पायथ्याच्या ओंडक्याला लागली.

दशरथ उठला. एक डोळा मिटलेला, अंगठा लोंबता. तो भावापाशी गेला आणि त्याच्या मुठीतून पाचर काढायला लागला. बोटं घट्ट होती. शेवंतीनं ती एकेक करून सोडवली आणि पाचर त्याच्याकडं न बघता पुढं केली. तो बोटीमागं गेला, रामूचे गुडघे जिथं टेकले होते तिथल्या ओल्या वाळूत गुडघे टेकले. डोक्यावर 'एकवीरा'चं सगळं वजन. तिला धरून ठेवणारे हात वर, दोरावर, आणि सगळ्यांत पुढचे हात इनासचे.

हैऽसा झालं. बोट हातभर सरकली. दशरथानं चांगल्या हातानं पाचर कोंबली. बसली नाही. पुन्हा कोंबली, खांदा लावून दाबली.

वर दोर ताणून धरलेला इनास मान वळवून बघत होता. पडलेल्या दातांच्या फटीतून त्याचा शब्द फुटका येत होता.

"लावलीस काय?"

दशरथानं पाचरेवर हात ठेवून बघितला. मग दुसऱ्यांदा बघितला.

"लावलीऽ!"

आवाज रामूचा नव्हता. दोरावरचं कुणी हललं नाही. मग इनासनं पुढं तोंड केलं आणि ओढ घेतली.